निवासी शाळेतलं चॅपल : त्या वीस मिनिटांत काय घडतं आणि काय घडायला हवं

उंबरठा

निवासी शाळांबद्दल बोलताना वेळापत्रक, खेळ, मेस, अभ्यासिका यांवर भरपूर लिहिलं जातं. चॅपलमधल्या, म्हणजे शाळेच्या प्रार्थनामंदिरातल्या, रोजच्या किंवा आठवड्याच्या सभेबद्दल मात्र दोन टोकांची मतं तेवढी वाचायला मिळतात. कुणाला ती शाळेचा प्राण वाटते, कुणाला सक्तीचा कंटाळा. ही सभा प्रत्यक्षात कोणतं काम करते आणि ते नीट व्हावं म्हणून काय काय जुळवावं लागतं, यावर जाणकारांनी तपशिलात लिहावं म्हणून हा धागा काढतोय.

सुरुवातीला माझं म्हणणं मांडतो. निवासी शाळेतलं मूल दिवसभर कुठल्या ना कुठल्या वाटणीत असतं. वर्ग वयाप्रमाणे, तुकडी गुणांप्रमाणे, संघ खेळाप्रमाणे, वर हाऊसविरुद्ध हाऊस (हाऊस म्हणजे मुलं ज्यात राहतात तो वसतिगृहाचा गट). जेवायलाही पाळ्या असतात. अकरा वर्षांचं नवं मूल आणि अठरा वर्षांचा प्रीफेक्ट (जबाबदारी दिलेला मोठा विद्यार्थी) एकाच वेळी एकच गोष्ट करतात, आणि त्या गोष्टीला गुण नसतात, अशी वेळ फक्त चॅपलमध्ये येते. बाहेरच्या शाळेतलं मूल संध्याकाळी घरी जातं, दिवसाचं भलंबुरं तिथे ओततं. इथे भांडण, आजारपण, घरची आठवण, कुणाचं यश, कुणाची हार, सगळं त्याच भिंतींच्या आत साचत जातं. त्याला वाट करून देणारी एक ठरलेली वेळ लागते.

म्हणून माझ्या मते तीन गोष्टी सोडता कामा नयेत : वेळ वीस मिनिटांच्या आत, क्रम कायम तोच, आणि शिस्तीच्या सूचनांना दाराबाहेर ठेवणं. तिसऱ्या मुद्द्यावर वाद होईल याची कल्पना आहे. व्हावाच.

जुनी_वही

धागा चांगला आहे. थोडी पार्श्वभूमी देतो, कारण आजच्या बऱ्याच सवयी तिथून आल्यात.

इंग्लंडमधल्या ईटन शाळेची स्थापना राजा सहाव्या हेन्रीने १४४० मध्ये केली. तिथे चॅपल शाळेला नंतर जोडलेलं नाही. उपासना आणि शिक्षण ही एकाच संस्थेची दोन कामं होती. पण चॅपल म्हणजे हेडमास्तरने मुलांशी थेट बोलायची जागा, ही कल्पना रूढ झाली ती टॉमस अर्नोल्डमुळे. तो १८२८ मध्ये इंग्लंडमधल्या रग्बी शाळेचा हेडमास्तर झाला, १८३१ मध्ये चॅप्लेनचं, म्हणजे शाळेच्या धर्मगुरूचं, पदही त्याने स्वतःकडे घेतलं आणि १८४२ मध्ये मृत्यू येईपर्यंत रविवारची प्रवचनं तोच देत राहिला. आठवडाभर ज्याची छडी दिसते त्याच माणसाने रविवारी अंतःकरणातलं बोलायचं, हा त्यातला जोर होता आणि धोकाही. पुढच्या पिढीतल्या अनेक शाळांनी जोर उचलला तसा धोकाही उचलला.

अगदी वेगळी वाट क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या शाळांची. यॉर्कशायरमधली अ‍ॅकवर्थ १७७९ ची, पेनसिल्व्हानियातली वेस्टटाउन १७९९ ची. त्यांच्या सभेत व्यासपीठ नाही, ठरलेलं प्रवचन नाही. सगळे शांत बसतात, कुणाला आतून बोलावंसं वाटलं तर उभं राहून बोलतात, पुन्हा शांतता. झालेम (१९२०) आणि गॉर्डनस्टन (१९३४) या निवासी शाळा काढणारा जर्मन शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान याच्या शिक्षणविचारातही मौनाला ठरलेली जागा होती.

सांगायचा मुद्दा असा की 'चॅपल म्हणजे प्रवचन' हे समीकरण एका परंपरेतलं आहे. नवीन काही बसवताना तेच गृहीत धरू नये.

दीपमाळ

क्रम आणि हालचाल यावर लिहिते. बहुतेक सभा बिघडतात त्या आत येताना आणि बाहेर जाताना. मधला भाग त्या मानाने सोपा असतो.

आधी दाराचं गणित. चारशे मुलं दोन-दोनच्या रांगेत म्हणजे दोनशे जोड्या. एका दारातून जोडीला दीड सेकंद धरला तर पाच मिनिटं लागतात, दोन दारं उघडली तर अडीच. हे न मोजता 'घंटा झाली की या' म्हटलं की शेवटचं हाऊस धावत येतं, पहिलं हाऊस बसून कुजबुजायला लागतं आणि सभा सुरू होण्याआधीच शांतता गेलेली असते. उपाय असा की हाऊसना वेगवेगळी वेळ द्यायची, एकेका मिनिटाच्या फरकाने, आणि सर्वांत लांब बसणाऱ्यांना आधी. आतले बाक आधी भरले पाहिजेत. नाहीतर दाराजवळचे बसतात आणि बाकीचे त्यांच्या गुडघ्यांवरून जातात.

बाकावर मुलामागे ४५ सेंटिमीटर धरा. ३.६ मीटरच्या बाकावर आठ. नऊ बसवले की कोपर लागतात, आणि कोपर लागले की तेरा वर्षांच्या मुलांचं काय होतं ते सांगायला नको.

वीस मिनिटांची विभागणी साधारण अशी बसते :

आत येणं आणि वाद्यसंगीत, ३ मिनिटं
एक वाक्याचं स्वागत आणि क्षणभर शांतता, १ मिनिट
गीत, ३ मिनिटं
वाचन, २ मिनिटं
बोलणं, ५ मिनिटं
शांतता, १ मिनिट
प्रार्थना, २ मिनिटं
बाहेर जाणं, ३ मिनिटं

बोलणं पाच मिनिटांचं सात झालं तर पहिला बळी शांततेचा जातो, कारण ती कापली तर कुणी तक्रार करत नाही. माझं मत स्पष्ट आहे : गीताचं एक कडवं कापा, शांतता कापू नका. बोललेलं मुरायला तेवढीच जागा असते.

हजेरी नावं पुकारून कधीही घेऊ नये. जागा कायम ठरलेल्या ठेवा. प्रत्येक हाऊसचा एक प्रीफेक्ट रांगेच्या टोकाला उभा राहून रिकाम्या जागा बघतो, चिठ्ठीवर नावं लिहितो, चिठ्ठी हाऊसमास्तरांकडे जाते. मिनिटभराचं काम आहे. शिवाय ज्याची जागा रिकामी आहे तो आजारी आहे, रडत बसलाय की अजून झोपलाय, हे पहिल्या तासाआधी कळतं. निवासी शाळेत या एका चिठ्ठीचं मोल फार आहे.

काजवा

दीपमाळताई, उत्तम माहिती. एक शंका. जागा कायम असल्या की मूल वर्षभर त्याच दोघांच्या मध्ये बसतं. त्यातला एक त्रास देणारा असेल तर?

दीपमाळ

अगदी खरं, हा प्रश्न येतोच. सत्र बदललं की जागा बदला, आणि मधल्या काळात हाऊसमास्तरांना कारण न सांगता जागा हलवता आली पाहिजे. 'तुझी जागा का बदलली' याचा जाहीर खुलासा होणार असेल तर मूल तक्रारच करणार नाही. रांगेतल्या सगळ्याच जागा एकेकाने सरकवल्या की कुणाच्या लक्षात येत नाही.

शिक्षकांनी कुठे बसावं हेही इथेच सांगते. सगळे शिक्षक मागच्या भिंतीला टेकून बसले की ती पहारेकऱ्यांची रांग दिसते. प्रत्येक दुसऱ्या-तिसऱ्या रांगेच्या टोकाला एक शिक्षक हवा, तो गाणारा हवा, आणि त्याने वह्या तपासायला आणू नयेत. समोर वह्या तपासणारा शिक्षक दिसला की ही वेळ बिनमहत्त्वाची आहे हे मुलांना बरोबर कळतं.

षड्ज

संगीताबद्दल लिहितो. चारशे जणांनी एका सुरात गाणं ही या सभेतली सर्वांत ताकदवान गोष्ट आहे आणि सर्वांत सहज बिघडणारीही.

पहिली चूक पट्टीची. छापील स्वरलिपी बऱ्याचदा गायकवृंदाच्या वरच्या आवाजासाठी असते. साऱ्या शाळेला गायचं असेल तर चाल पियानोच्या मधल्या सी स्वरापासून वरच्या सप्तकातल्या डी-पर्यंत बसली पाहिजे. त्याच्या वर गेली की आवाज फुटत असलेली बारा ते चौदा वर्षांची मुलं आधी गप्प होतात. एकदा गप्प राहायची सवय लागली की ती पुढची चार वर्षं गप्पच. अशा मुलांना खालच्या सप्तकात गायला चालेल हे मोठ्याने, सगळ्यांसमोर सांगावं लागतं. नाहीतर त्यांना वाटतं की आपलाच आवाज बिघडलाय.

दुसरी चूक ऑर्गनवाल्याची. गीताआधी तो जी ओळ वाजवतो ती पुढे ज्या लयीत गायचंय त्याच लयीत हवी. ती संथ वाजवून मग लय वाढवली की पहिली ओळ सगळ्यांची हुकते. दोन कडव्यांमधली श्वासाची जागा दर वेळी तेवढीच हवी, साधारण दोन मात्रा. ती कमीजास्त झाली की अर्धे आधी सुरू करतात, अर्धे नंतर, आणि लाजून सगळेच हळू होतात.

तिसरी, नवीन गीतांचा मारा. एका सत्रात वीस-पंचवीस गीतांचा साठा पुरतो. नवीन गीत एका वेळी एकच. आधी गायकवृंदाने ऐकवायचं, मग आठवड्याच्या दहा मिनिटांच्या सामूहिक सरावात सगळ्यांनी म्हणायचं, मग सभेत. सरावाशिवाय नवीन गीत सभेत घातलं तर फक्त गायकवृंद गातो आणि बाकीचे कार्यक्रम बघितल्यासारखे बसतात.

ऑर्गन नसेल तर पियानो पुरतो. पियानोही नसेल तर दोन खणखणीत आवाजांची मुलं आणि सूर देणारं एखादं वाद्य. ध्वनिमुद्रित साथ मात्र लावू नका. ती मुलांसाठी थांबत नाही. मुलांची लय थोडी पुढेमागे झाली तर सांभाळून घेणारा जिवंत माणूस हवा.

खिडकी

+१ षड्ज. मायक्रोफोनबद्दल एवढंच जोडते. दगडी, उंच छताच्या इमारतीत घुमणं खूप असतं. गाण्याला ते छान वाटतं, बोलण्याला घातक ठरतं. समोरच एक मोठा स्पीकर लावून आवाज वाढवला की मागे फक्त गोंगाट पोहोचतो. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर छोटे स्पीकर, कानाच्या थोडे वर, प्रत्येक कमी आवाजात. लांबच्या स्पीकरना किंचित उशीर द्यावा लागतो : ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे १७ मीटरवर ५० मिलिसेकंद. हा उशीर दिला नाही तर मागच्या रांगांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो.

बोलणाऱ्यासाठी : मायक्रोफोन तोंडापासून वीतभर, मिनिटाला ११०-१२० शब्द, आणि वाक्याचा शेवट गिळायचा नाही. रिकाम्या चॅपलमध्ये तालीम केली तर घुमणं जास्त जाणवतं. मुलं भरली की कपडे आणि शरीरं आवाज शोषतात. घाबरलेल्या बोलणाऱ्याला हे आधी सांगा.

पायवाट

उंबरठा यांच्या तिसऱ्या मुद्द्याला माझा विरोध आहे. सगळी शाळा एकत्र असण्याची वेळ तीच. हरवलेल्या वस्तू, उद्याची सुट्टी, मैदानाचे नियम हे तिथे न सांगता वेगळी सभा भरवायची म्हणजे आणखी पंधरा मिनिटं जाणार. वेळापत्रक कुणी कधी बसवलंय का इथे? आणि शाळेत काही गंभीर घडलं, तोडफोड झाली, तर हेडमास्तरने सगळ्यांसमोर बोलायचं नाही तर कुठे?

उंबरठा

पायवाट, वेळेची अडचण मान्य. पण दोन गोष्टी वेगळ्या करूया.

साध्या सूचना बाहेर ठेवायच्या कारण त्या शेवटी येतात आणि मुलं तेच लक्षात ठेवून बाहेर पडतात. प्रार्थना झाली, मग 'दुसऱ्या तासाला प्रयोगशाळा बंद'. मन लगेच तिकडे पळतं. या सूचना नाश्त्याच्या वेळी, फलकावर किंवा हाऊसमध्ये देता येतात. एकत्रच द्यायच्या असतील तर सुरुवातीच्या वाद्यसंगीताआधी, उभ्याने, एका मिनिटात.

दुसरी गोष्ट रागावण्याची. चॅपलमध्ये एकदा सामूहिक बोलणी बसली की पुढचे कित्येक आठवडे मुलं आत येताना हेडमास्तरचा चेहरा वाचत येतात. आज काय? ज्याने काही केलेलं नाही तोही अंग चोरून बसतो. तोडफोडीबद्दल बोलायलाच हवं, पण ते हॉलमध्ये, उभ्याने, पाच मिनिटांत बोला. चॅपलमध्ये त्याच विषयावर बोलायचं तर आठवड्याने, सामायिक वस्तूंची काळजी असा विषय घेऊन, कुणाकडे बोट न दाखवता. जागा एका कामासाठी राखली की तिचं वजन राहतं.

पायवाट

हॉल वेगळा असलेल्या शाळांना हे जमेल. जिथे चॅपल हाच हॉल आहे तिथे निदान खुर्च्यांची दिशा बदलावी किंवा बोलणाऱ्याने दुसऱ्या बाजूला उभं राहावं, इतपत मला पटतं.

कोरा_कागद

विद्यार्थ्यांनी बोलण्याबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. माझ्या मते आजच्या काळात चॅपल टिकेल ते यामुळेच.

अमेरिकेतल्या बऱ्याच निवासी शाळांत शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी साऱ्या शाळेसमोर एकदा बोलतात. फिलिप्स एक्झेटरमध्ये शेवटच्या वर्षी विद्यार्थी स्वतःच्या जगण्याबद्दल एक दीर्घ लेखन करतात, त्याला मेडिटेशन म्हणतात, आणि त्यातली निवडक तिथल्या चर्चमध्ये वाचली जातात. वर्षभर शेजारी राहिलेला मुलगा किती वेगळ्या घरातून आलाय हे लहान मुलांना तिथे कळतं.

पण 'ये आणि बोल' म्हणून हे जमत नाही. तयारी लागते, निदान तीन आठवड्यांची.

पहिल्या आठवड्यात फक्त विषय. 'यश', 'मैत्री', 'चिकाटी' असे विषय परत पाठवायचे. एक वस्तू, एक प्रसंग किंवा एक माणूस मागायचा. आजोबांचं हातातलं घड्याळ चालेल, 'कुटुंबाचं महत्त्व' चालणार नाही. दुसऱ्या आठवड्यात मसुदा, ५५० ते ६०० शब्द, त्याहून एकही जास्त नको. तो मसुदा चॅप्लेन आणि आणखी एक शिक्षक असे दोघांनी वाचायचा. तिसऱ्या आठवड्यात प्रत्यक्ष जागेवर दोन तालमी, एक मायक्रोफोनशिवाय, एक मायक्रोफोनसह. कागद मोठ्या अक्षरात, एका बाजूला छापलेला, पानांना क्रमांक घातलेले. पिन मारू नका, पान उलटताना मायक्रोफोनवर आवाज येतो.

मसुदा दोघांनी वाचण्याचं कारण भाषा सुधारणं एवढंच नाही. मुलं या लेखनात अशा गोष्टी लिहितात ज्या त्यांनी कुणालाच सांगितलेल्या नसतात : घरातली मारहाण, स्वतःला इजा करणं, वसतिगृहातला छळ. असा मजकूर आला की तो भाषणाचा विषय राहत नाही, मुलाच्या सुरक्षिततेचा होतो, आणि शाळेची जी ठरलेली पद्धत असेल ती त्याच दिवशी सुरू करावी लागते. 'मी कुणालाही सांगणार नाही' असं वचन चॅप्लेननेही आधी देऊ नये. 'तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल तर मला सांगावं लागेल' हे पहिल्याच भेटीत बोलावं. तिसऱ्या माणसाचं नाव, ओळखू येईल असा तपशील, जुनं भांडण हे सगळं मसुद्यातच गाळायचं.

बोलून झाल्यावर टाळ्या? माझं मत विरोधात आहे. एकाला जास्त, दुसऱ्याला कमी मिळाल्या की पुन्हा स्पर्धा आली. टाळ्यांऐवजी ती एक मिनिटाची शांतता द्या. मग त्या मुलाला बाहेर पडताना एखाद्या मोठ्या माणसाने आवर्जून भेटावं, कारण बोलून खाली बसल्यानंतरचा तास फार एकटा असतो.

तटबंदी

सगळं ठीक, पण मूळ प्रश्न कुणी घेतला नाही. दुसऱ्या धर्माच्या किंवा कुठलाच धर्म न मानणाऱ्या मुलांनी चॅपलला का यावं?

जुनी_वही

रास्त प्रश्न. कायदे देशागणिक वेगळे आहेत. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद २८(३) प्रमाणे, राज्याची मान्यता असलेल्या किंवा राज्याच्या निधीतून साहाय्य मिळणाऱ्या संस्थेत कुणालाही, त्याच्या आणि तो अल्पवयीन असेल तर त्याच्या पालकाच्या संमतीशिवाय, उपासनेला हजर राहायला भाग पाडता येत नाही. इंग्लंडमध्ये सरकारी निधीवरच्या शाळांसाठी १९९८ च्या कायद्यात पालकांना मुलाला सामूहिक उपासनेतून काढून घेण्याचा हक्क आहे. तिथल्या सिक्स्थ फॉर्मच्या, म्हणजे शेवटच्या दोन वर्षांच्या विद्यार्थ्यांना तो स्वतःच वापरता येतो. खाजगी शाळांमध्ये बऱ्याचदा प्रवेशाच्या वेळच्या करारावर भिस्त असते.

कायद्याच्या पलीकडचा व्यवहार असा. जमणं आणि उपासना यांत फरक करता येतो. येणं, बसणं, ऐकणं, शांत राहणं हे सगळ्यांना सारखं. प्रार्थना म्हणणं, 'आमेन' म्हणणं, गुडघे टेकणं, प्रभुभोजन (ख्रिस्ती उपासनेतला भाकरी-द्राक्षरसाचा विधी) घेणं हे ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर. हा फरक दरवर्षी पहिल्याच सभेत मोठ्याने सांगितला पाहिजे. 'आता मी प्रार्थना करतो, ज्यांना सामील व्हायचं त्यांनी व्हावं, बाकीच्यांनी स्वतःच्या विचारांत शांत राहावं', हे एक वाक्य रोज बोललं तरी जास्त होत नाही. प्रभुभोजनाची उपासना मात्र कायम ऐच्छिक आणि वेगळ्या वेळी ठेवावी.

आणि ज्यांना अजिबात यायचं नाही, ज्यांच्या पालकांनी तसं लेखी कळवलंय, त्यांच्यासाठी त्या वीस मिनिटांत चांगली सोय हवी. शांत खोली, जबाबदार शिक्षक, वाचायला काही. त्यांना साफसफाई किंवा जास्तीचा अभ्यास लावला तर ती शिक्षा झाली. दुसऱ्या धर्मांच्या मुलांना त्यांच्या प्रार्थनेसाठी जागा, वेळ, उपवासाच्या काळात जेवणाच्या वेळेत बदल हेही त्याच यादीत आलं पाहिजे. एकाला घर मिळालं आणि बाकीचे पाहुणे राहिले तर 'सगळी शाळा एकत्र' या शब्दांना अर्थ उरत नाही.

तटबंदी

हे पटलं. फक्त एक : दुसऱ्या धर्मांतले उतारे सभेत वाचायचे तर त्या धर्माच्या मुलाला 'प्रतिनिधी' म्हणून उभं करू नका. त्याला विचारा, नको म्हणाला तर तिथेच थांबा. उतारा शिक्षकही वाचू शकतो.

समई

चॅपलची खरी कसोटी शाळेत मृत्यू होतो तेव्हा लागते. विद्यार्थी, शिक्षक, एखाद्या मुलाचे आईवडील. यावर कुणी लिहिलं नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

बातमी सांगण्याचा क्रम महत्त्वाचा. आधी भावंडं, मग खोलीतले सोबती आणि जवळचे मित्र, मग ते हाऊस, मग सगळी शाळा. पहिल्या तिघांना चॅपलमध्ये सगळ्यांबरोबर कळता कामा नये. त्यांना हाऊसमध्ये, ओळखीच्या खोलीत, बसवून सांगायचं. पण या सगळ्याला तासाभरापेक्षा जास्त लावला तर बातमी फोनवरून आधीच फिरते, तीही चुकीची.

चॅपलमध्ये सांगणाऱ्याने पहिल्याच वाक्यात सांगावं. नाव घ्यावं आणि 'मृत्यू झाला' हाच शब्द वापरावा. 'आपल्यातून गेला', 'देवाघरी गेला' यांनी लहान मुलं गोंधळतात, काहींना वाटतं की घरी गेला. नक्की माहीत असेल तेवढंच सांगावं. आत्महत्या असेल तर पद्धत किंवा जागेचं वर्णन कधीही करू नये आणि त्या कृत्याला धैर्याचा किंवा सुटकेचा रंग देऊ नये. अशा वर्णनाने आधीच खचलेल्या मुलांना धोका वाढतो. मग आता पुढे काय : कोणते तास होणार, कुणाकडे जायचं, घरी फोन कधी करता येईल. हे सगळं पाच मिनिटांत. मग दोन मिनिटं शांतता. प्रवचन नको, कारणमीमांसा नको, 'देवाची इच्छा' तर मुळीच नको.

त्यानंतर दारं उघडी ठेवायची आणि मोठ्या माणसांनी तिथेच थांबायचं, तास-दोन तास. बरीच मुलं लगेच उठत नाहीत. काही बाहेर जाऊन परत येतात. कुणी हसत सुटतं, धक्का बसला की हसूही येतं, त्यावर रागावू नये.

रिकाम्या जागेचं काय करायचं हा प्रश्न दुसऱ्या दिवशीच्या सभेत उभा राहतो. जागा ठरलेल्या असल्याने ती सगळ्यांना दिसते. ती लगेच भरली तर क्रूर वाटतं, वर्षभर रिकामी ठेवली तर शेजारच्या दोन मुलांना रोज तिच्याकडे बघत बसावं लागतं. त्या रांगेतल्या मुलांना हाऊसमास्तरांनी विचारावं. बहुतेकदा काही आठवड्यांत पूर्ण रांगेची मांडणी बदलणं हे त्यांनाही बरं वाटतं. आणि दुसऱ्या दिवशी सभा त्याच वेळी, त्याच क्रमाने झालीच पाहिजे. क्रम कायम ठेवण्याची एरवीची मेहनत अशा दिवशी कामी येते. पुढे काय होणार हे मुलांना माहीत असतं, त्यावर त्यांना टेकता येतं.

उंबरठा

समईताई, धाग्यातला सर्वांत मोलाचा प्रतिसाद. 'तासाभरात' हे शाळांनी आपल्या नियमपुस्तकात लिहून ठेवावं.

काजवा

मूल चक्कर येऊन पडतं तेव्हा काय करायचं? गर्दीत हे नेहमी होतं.

दीपमाळ

बहुतेकदा कारण साधं असतं : उपाशी पोट, कोंदट हवा आणि गुडघे ताठ ठेवून बराच वेळ उभं राहणं. पायांचे स्नायू हलले नाहीत की रक्त खाली साठतं आणि मेंदूला कमी पडतं. म्हणून सभा नाश्त्याआधी ठेवू नका. किशोरवयात झोपेचं चक्रही उशिरा सरकतं, त्यामुळे पहाटेच्या सभेत अर्धी शाळा झोपेतच असते. उभं राहणं एका गीतापुरतंच, 'गुडघे सैल ठेवा, पायांची बोटं हलवा' हे सांगून ठेवा. खिडक्या आधी उघडा.

कुणी पांढरं पडलं, घामाघूम झालं तर लगेच खाली बसू द्या. पडलंच तर मधल्या वाटेत आडवं करा, पाय थोडे उचला. उठवून उभं धरून बाहेर न्यायची घाई नको, त्याने पुन्हा चक्कर येते. मिनिटाभरात शुद्ध आली नाही, डोकं आपटलं असेल किंवा झटके आले तर डॉक्टर. आणि मधली वाट कायम मोकळी, तिथे जास्तीच्या खुर्च्या कधीही नाहीत.

पायवाट

रविवार संध्याकाळच्या सभेबद्दल कुणाचा अनुभव काय सांगतो? ठेवावी की नको?

समई

ठेवावी, ऐच्छिक असली तरी. रिकाम्या वेळात घरची आठवण जास्त येते आणि रविवारची संध्याकाळ तशीच असते. त्या सभेत बोलणं कमी, गाणी आणि शांतता जास्त, दिवे मंद. मुलांना नेमकं काही सांगायची गरज नसते. फक्त ती एकटी बसू नयेत. चॅप्लेनने नंतर अर्धा तास दाराशी थांबावं. कार्यालयात भेटायला न येणारं मूल दाराशी 'गीतपुस्तक कुठे ठेवू' विचारत थांबतं आणि मग खरं काय ते बोलतं.

षड्ज

नाताळच्या आधीच्या सभेसाठी एक सुचवतो. बायबलमधली नऊ वाचनं आणि मधे नाताळगीतं अशी रचना १८८० मध्ये इंग्लंडमधल्या ट्रुरोला सुरू झाली आणि केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजने १९१८ पासून ती गाजवली. तिच्यात वाचक लहानापासून मोठ्याकडे जातात, पहिलं वाचन गायकवृंदातल्या मुलाचं. शाळेला हा क्रम फार शोभतो : सर्वांत लहान विद्यार्थी, मग हाऊसचे प्रतिनिधी, मग मेसमधले किंवा मैदानावरचे कर्मचारी, शिक्षक, शेवटी हेडमास्तर. कर्मचाऱ्यांना नक्की घ्या. ज्यांच्या हातचं मुलं रोज जेवतात त्यांचा आवाज मुलांनी वर्षातून एकदा तरी तिथून ऐकावा.

नऊच्या नऊ वाचनं घेतली तर तास-सव्वा तास जातो. लहान मुलांसाठी पाच पुरेत.

काजवा

त्या सभेत मेणबत्त्या लावतात. चारशे मुलं आणि ज्योती. सुरक्षित कसं करायचं?

दीपमाळ

दहा वर्षांखालच्यांना विजेरीचे दिवे द्या, त्यात कमीपणा नाही. बाकीच्यांना प्रत्येक मेणबत्तीला पुठ्ठ्याची चकती, मेण हातावर गळू नये म्हणून. लांब केस आधी बांधलेले, मफलर आत खोचलेले, गीतपुस्तकं बाकाखाली. गीत पाठ असलेलंच निवडा, म्हणजे हातात कागद लागत नाही.

ज्योत मधल्या वाटेवरून रांगेच्या टोकाच्या मुलाकडे आणि तिथून आत जाते. पेटलेली मेणबत्ती सरळ धरायची आणि न पेटलेली तिरपी करून तिच्यावर पेटवायची. उलट केलं की गरम मेण शेजाऱ्याच्या हातावर सांडतं. ही एक गोष्ट आदल्या दिवशी न पेटवता करून घ्या. दर चार रांगांना एक मोठं माणूस, प्रत्येक दाराशी पाण्याची बादली आणि अग्निशामक, दारांची कुलपं काढलेली. शेवटचं कडवं संपायच्या आधी विझवायला सांगा. बाहेर जाताना कुणाच्याही हातात पेटलेली मेणबत्ती नको, आणि विझलेल्या सगळ्या दाराशी वाळूच्या घमेल्यात जमा करून घ्या.